नव्वद मिलिमीटर

"पोट आलंय," बाबर सर म्हणाले आणि मागच्या बाकांवरची पोरं फिस्सकन हसली.

सर माझ्या जॉबबद्दल बोलत होते. तळहाताएवढा चौकोनी लोखंडी तुकडा, त्याला आम्ही जॉब म्हणायचो. कानशीनं घासून त्याच्या कडा सपाट करायच्या, हे फिटरच्या पोराचं पहिलं शिक्षण. सरांनी कडेवर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, धरला आणि जॉब खिडकीकडे उचलला. कड सपाट असली तर गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसत नाही. माझ्या जॉबच्या दोन्ही टोकांना उजेडच उजेड होता आणि मधे फुगवटा.

"बघ बाळ. मधे पोट, टोकं खाल्लेली. कानस डुलतीय तुझी."

"परत घासते, सर."

"किती वेळा परत घासशील? दे इकडं."

त्यांनी माझ्या हातातली कानस घेतली, जॉब व्हाईसमध्ये आवळला आणि पंधरा-वीस हात मारले. व्हाईस म्हणजे बाकाला बोल्टांनी पक्का बसवलेला लोखंडी जबडा, त्यात जॉब पकडून काम करायचं. सर म्हणजे सहा फुटांचा माणूस, पण कानस अशी सरळ जायची की बघत राहावं. पुन्हा गुण्या धरला. उजेड गायब.

"हं, घे. झालं तुझं." त्यांनी जॉब माझ्या हातात दिला आणि पाठीवर थोपटलं.

झालं होतं ते त्यांचं. माझं काहीच झालं नव्हतं. मला त्यांचा राग यायचा, आणि इतक्या मायाळू माणसाचा राग येतो म्हणून स्वतःचाही यायचा.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आयटीआय. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, सर अजून तिथंच राहतात आणि त्यांना अजून माझा फोन जातो. त्या वर्षी फिटरला आम्ही सात मुली लागलो होतो. मुलींच्या राखीव जागा भरल्या म्हणून प्राचार्यांनी पहिल्या दिवशी पेढे वाटले. सहा आठवड्यांत सातातल्या सहा जणी शिवणकामाच्या वर्गात गेल्या. कुणी हाकललं नाही. एकेकीच्या जॉबला पोट आलं, पोरं हसली, ती रडली, सरांनी 'दे इकडं बाळ' केलं, आणि एक दिवस तिनं ट्रेड बदलायच्या फॉर्मवर सही केली. उरले मी, वैजयंता कोळेकर, आणि छत्तीस पोरं.

मी का टिकले होते, तर एका पंपामुळे. माझे वडील गावच्या पाणीयोजनेचा पंप चालू-बंद करायचे. पंप बिघडला की सांगलीहून फिटर यायचा. तो येईपर्यंत दोन-दोन दिवस गाव कोरडं. आला की त्याची जावयासारखी बडदास्त. सरपंच त्याच्यासाठी खुर्ची पुसायचे. दहा वर्षांची होते तेव्हापासून मी ठरवलं होतं की त्या खुर्चीवर एक दिवस मी बसणार. आता हे कुणाला सांगितलं तर हसतील म्हणून सांगत नव्हते, पण ठरवलं होतं.

त्या मंगळवारी सुट्टी झाल्यावर सरांनी मला टेबलाशी बोलावलं. त्यांच्या खणातून तो फॉर्म बाहेर आला. माझं नाव, गाव, जन्मतारीख, सगळं त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात भरून ठेवलं होतं. फक्त सहीची जागा मोकळी.

"उद्या दिवसभर अत्तार मॅडमच्या वर्गात बस. बघ जमतंय का. शनिवारी शेवटची तारीख हाय. नंतर ट्रेड बदलता येत न्हाई."

"आणि मी इथंच राहिले तर?"

"शुक्रवारी टेस्ट हाय. तीन कडा, सपाट आन् काटकोनात. तू नापास होशील. मग वर्ष वाया, आन् तुझे वडील तुला परत पाठवतील का?"

वडील पाठवणार नव्हते. ते सरांनाही ठाऊक होतं. प्रवेशाच्या दिवशी त्यांच्यासमोरच वडील म्हणाले होते, एक वर्ष बघतो.

"मी नापास होणार असं तुम्ही ठरवूनच टाकलंय का, सर?"

"मी कोण ठरवणार? तुझ्या मनगटानं ठरवलंय. ह्यात लाज कसली? समदी मनगटं कानशीसाठी नसत्यात." ते खरंच कळवळून बोलत होते. "बाळ, मी तुझं वाईट चिंतीन का?"

"टेस्टला बसू द्या. पास झाले तर हा कागद फाडायचा."

"फाडू की," सर म्हणाले, आणि तो कागद जपून खणात ठेवला.

मी एसटीत खिडकीशी बसून सगळ्या वाटेनं माझं मनगट बघत होते. सातवीपासून डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा घागरी त्यानं आणल्या होत्या. दळण उचललं होतं, म्हशीचं दावं आवळलं होतं. पाऊण किलोच्या कानशीपुढे त्याला काय धाड भरली होती, ते मला समजेना.

बुधवारी शिवणाच्या वर्गात गेले. आमच्या सहाही जणी तिथं होत्या. सुमन वायदंडेनं सरकून मला जागा केली. आम्ही एकाच गाडीनं यायचो, तिचं गाव माझ्या पुढचं. "आलीस एकदाची," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता म्हणून मला आणखीच वाईट वाटलं.

अत्तार मॅडम म्हणजे पन्नाशीची, ठेंगणी, तोंडात सतत टाचण्या धरलेली बाई. त्यांनी मला एका मशीनवर बसवलं आणि बाजूला होऊन माझ्याकडे बघितलं. कपडा नाही दिला, दोरा नाही दिला. टाचण्या काढून म्हणाल्या, "हात ठेव बघू टेबलावर. कोपर वाकव."

मी वाकवलं.

"खाली बसलीयस तू. ऊठ." कोपऱ्यात वेगवेगळ्या उंचीची सहा-सात स्टुलं होती. त्यातलं एक त्यांनी पायानं ढकलत आणलं. "आता बस. अजून थोडं." टेबलाच्या पायाखालची एक फळी काढली, दुसरी सारली. "हां. आता कोपर टेबलाला आलं."

"मॅडम, तुम्ही सगळ्यांचं असं बघता?"

"मग? स्टूल चुकलं की खांदे वर जातात, खांदे वर गेले की टाका वाकडा जातो. मग पोरगी म्हणते मला शिवण येत न्हाई. शिवणाला काय झालंय? कोपराचं बघा की आधी. बाई काय मशीनच्या मापानं जन्माला येती का?"

त्या टाचण्या पुन्हा तोंडात धरून पुढच्या मुलीकडे गेल्या. मी तशीच बसून राहिले. कोपर हा शब्द माझ्या डोक्यात कुठंतरी अडकला होता. मग आठवलं. माझ्या वहीचं पहिलं पान. बाबर सरांनी पहिल्याच तासाला सांगितलेलं, फळ्यावर आकृती काढून: व्हाईस बसवताना जबड्याची वरची कड कामगाराच्या कोपराच्या उंचीला यावी. चाचणी परीक्षेत हा प्रश्न आला होता. मला दोनपैकी दोन मार्क मिळाले होते.

जेवणाच्या सुट्टीत मी सुमनला हाताला धरून ओढत वर्कशॉपात नेलं. आत कुणी नव्हतं. मी माझ्या व्हाईससमोर ताठ उभी राहिले आणि कोपर वाकवलं. ते जबड्याच्या कितीतरी खाली लटकत होतं. सुमनच्या हातात स्टीलची पट्टी दिली.

"मोज."

"काय?"

"माझ्या कोपरापासून जबड्यापर्यंत किती भरतंय ते मोज."

"नव्वद मिलिमीटर," सुमन म्हणाली. "का गं?"

"आता तू उभी राहा."

सुमन माझ्याहून ठेंगणी. तिचं एकशे दहा भरलं. मी तिला वहीतलं वाक्य म्हणून दाखवलं. तिला आधी समजलं नाही. मग तिनं व्हाईसकडे बघितलं, स्वतःच्या कोपराकडे बघितलं, आणि तिचा चेहरा लाल झाला.

"म्हंजे आपलं मनगट..."

"मनगटाला काय धाड भरलीय! आपण दीड महिना खांदे कानाला लावून कानस मारत होतो. ती डुलंल न्हाई तर काय करंल?"

"आन् मी त्या लोखंडापायी चार रात्री रडले, वैजू."

मला इतका राग आला होता की हसू येत होतं. नियम सगळ्यांना पाठ होता. सरांना, पोरांना, आम्हाला, परीक्षा घेणाऱ्यांना. तो सगळ्यांनी वहीत लिहून घेतला, त्यावर मार्क दिले आणि घेतले, आणि एकानंही मान वळवून बाकाकडे बघितलं नाही. मीही त्यातलीच.

"चल माझ्याबरोबर परत," मी सुमनला म्हटलं.

ती मागे सरली. "मी न्हाई बाई. एकदा हसली ती पोरं, बास झालं. तू आधी करून दाखव."

संध्याकाळी घरी आले ती थेट माळ्याकडे बघत. तिथं आईनं माझ्या लग्नासाठी करून ठेवलेले दोन पाट होते. शिसवी लाकडाचे, कोपऱ्यांना पितळी फुलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. आजोळच्या मळ्यातलं लाकूड होतं ते, आणि आई वर्षातून एकदा ते उतरवून तेल लावून परत ठेवायची. आमच्या घरात त्यांच्याइतकं जपलेलं दुसरं काही नव्हतं.

"आई, ते पाट किती उंच हायेत गं?"

आई भाकरी थापत होती. "का? कोण बघाया येणार हाय का तुला?"

मी तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत राहिली. बूट म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"लग्नाच्या पाटावर बुटं घालून उभी राहणार तू?"

"अनवाणी गेले तर वर्कशॉपात घेत न्हाईत. विटा ठेवल्या तर डगमगतात. एका पायाला एक असे दोन रुंद पाट लागतात, आई. शुक्रवारपर्यंतच."

"आन् न्हाई नेलं तर?"

"फॉर्मवर सही करायची. शिवण शिकायचं."

"मग?"

"मग ब्लाउज शिवायचे."

"आन् पंप?"

पंपाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला कसं ठाऊक, कोण जाणे. मी म्हटलं, "पंप काय, सांगलीचा माणूस यील की दुरुस्त कराया."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, पदराला पुसले. "त्या माणसानं गेल्या खेपेला माझ्या अंड्यावरच्या दोन कोंबड्या खाल्ल्या," ती म्हणाली. "आन् चारच दिवसांत पंप परत बंद पडला." मग तिनं शिडी लावली, स्वतः माळ्यावर चढली आणि पाट खाली दिले. "पितळ खरवडलं तर बघ."

पाट ऐंशी मिलिमीटर भरले. खाली गोणपाट दुमडून घातलं की नव्वद, आणि पाट घसरणारही नाहीत. मी ते दोन वेळा मोजलं, आणि मला रडूच आलं.

गुरुवारी सकाळी पोत्यात घालून आणलेले पाट मी व्हाईससमोर मांडले. डावा पाय पुढच्या पाटावर, उजवा मागच्या. वर्कशॉपातल्या सगळ्या माना माझ्या पाटांकडे वळल्या. मग किसन जाधव नावाच्या एका आगाऊ पोरानं तोंड उघडलंच.

"वैजू, नवरीचा पाट कळला. नवरदेवाचा कुठला?"

"दोन्ही माझेच," मी म्हटलं. "तू अक्षता टाकायला ये."

पोरं हसली, पण या वेळी किसनला हसली. तेवढ्यात सर आले.

"हे काय? वर्कशॉप हाय का मांडव? पडलीस म्हंजे?"

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून आपलंच वाक्य वाचलं.

"ते व्हाईस बसवतानाचं हाय, बाळ. हे बसवून वीस वर्सं झाली. बोल्ट गंजून एक झालेत. व्हाईस काय आता हालत न्हाई."

"म्हणून मी हलले, सर."

ते माझ्या पायांकडे, पाटांच्या पितळी फुलांकडे बघत राहिले. "पाटावर उभं राहून मनगट यीत नसतंय," ते म्हणाले, पण आवाज मऊच होता. "बरं. उद्यापर्यंत. पाय जपून ठेव."

आणि मी पहिला हात मारला. काय सांगू! दीड महिना जी कानस माझ्या छातीसमोर आडवीतिडवी नाचत होती, ती माझ्या हाताखाली आली. खांदे खाली. सगळं अंग मागून जोर देत होतं. लोखंडाचा आवाजच बदलला. आधी किरकिर यायची, आता एकसारखं खर्र, खर्र. मी त्या आवाजाच्या इतकी प्रेमात पडले की पहिल्या तासात कड एका बाजूनं उतरती करून बसले. दीड महिन्याच्या वाईट सवयी पाटानं एका दिवसात जात नाहीत, तेवढं सरांचं खरं होतं. दुपारपर्यंत तीन जॉब वाया गेले. पण एकालाही पोट नव्हतं. चूक नवी होती, आणि नवी चूक सुधारता येत होती. संध्याकाळी पाचव्या जॉबच्या एका कडेवर गुण्या धरला, खिडकीकडे केला, आणि उजेडाची फक्त केसाएवढी रेघ दिसली. कुणाला न दाखवता मी तो जॉब पिशवीत टाकला.

शुक्रवारी टेस्ट. दहा ते दोन, चार तास, तीन कडा. सरांनी सगळ्यांना जॉब वाटले आणि पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारायला लागले. पहिली कड मी बाराच्या आत संपवली. दुसरी पाऊणला. मधे जेवले नाही, पाणीही प्यायले नाही. पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण पाट जागचे हलले नाहीत.

तिसऱ्या कडेला घात झाला. घाई झाली माझी. दीड वाजता गुण्या धरला तर डाव्या कोपऱ्यात उजेड. घासलं. पुन्हा धरला. उजेड उजव्या कोपऱ्यात गेला. पुन्हा घासलं. घड्याळात पावणेदोन. हाताला घाम, कानस निसटायला लागली. मी कानशीला खडू लावला, हात पुसले, आणि मला वाटलं की संपलं. शनिवार, सही, शिवण.

सर माझ्याशेजारी येऊन उभे होते, मला कळलंच नव्हतं. माझी अवस्था त्यांनी बघितली. त्यांचा चेहरा अगदी आपल्या लेकरासाठी होतो तसा झाला, आणि त्यांचा हात नेहमीसारखा पुढे आला.

"दे इकडं, बाळ."

"हात लावू नका, सर!"

मी ओरडलेच. सगळ्या वर्कशॉपातल्या कानशी थांबल्या. सरांचा हात तसाच हवेत राहिला.

"सर, पाया पडते, पण हात लावू नका. चुकू दे. माझं मला चुकू दे."

त्यांनी हात मागे घेतला. दोन पावलं मागे सरून उभे राहिले, आणि तिथून हलले नाहीत.

मी डोळे मिटून एक श्वास घेतला. पाय नीट रोवले. बारीक कानस घेतली आणि मोजून दहा हात मारले, लांब, सावकाश, कोपराच्या रेषेत. थांबले. अजून पाच. घंटा झाली. मी व्हाईस सैल केला, जॉब पुसला आणि सरांच्या हातात दिला.

ते खिडकीशी गेले. पोरं त्यांच्यामागे गोळा झाली, किसन सगळ्यांत पुढे. पहिली कड. दुसरी कड. तिसरी कड त्यांनी एका डोळ्यानं बघितली, मग दुसऱ्यानं. जॉब फिरवून धरला. चष्मा काढून पुसला आणि परत बघितली.

"उजेड न्हाई," ते म्हणाले.

"सर, मला बघू द्या," किसन म्हणाला. त्यानं बघितलं. "आयला, खरंच न्हाई."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. छत्तीस पोरांनी. मी पाटावरच उभी होते आणि मला हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं.

सर मात्र तिथं नव्हते. ते माझ्या शेजारच्या व्हाईसपाशी गेले होते आणि त्यांनी स्वतःचं कोपर वाकवलं होतं. ते बरोबर जबड्याच्या कडेवर टेकलं. मग मला पाटावरून उतरायला सांगून त्यांनी स्टीलची पट्टी घेतली आणि माझं कोपर मोजलं. नव्वद. पुन्हा मोजलं. मग स्टुलावर खाली बसले.

"अठरा वर्सं झाली, मी हे फळ्यावर काढतो," ते म्हणाले. "व्हाईस काढतो, माणूस काढतो, कोपराला बाण काढतो."

"माणूस म्हणून तुम्ही तुम्हालाच काढता, सर," मी म्हटलं. बोलून गेल्यावर जीभ चावली.

ते रागावले नाहीत. पट्टी त्यांनी मांडीवर ठेवली. "पोरी यायला लागून सहा वर्सं झाली," ते हळू आवाजात म्हणाले. "सहा वर्सांत किती जणींना मी तिकडं धाडलं असंल? त्या म्हणायच्या, सर आमाला जमत न्हाई. मी म्हणायचो, नसू दे बाळ, रडू नको. कानस काढून घ्यायचो हातातनं. मला वाटायचं मी भलं करतोय."

किसन मागून चाचरत म्हणाला, "सर, माझं बी कोपर खालीच जातंय." तो वर्गातला सगळ्यांत बुटका पोरगा होता, आणि त्याच्या जॉबला पण पोट येत होतं, हे तोवर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सरांनी उठून खणातून माझा फॉर्म काढला. फाडला नाही. त्याच्या कोऱ्या पाठीवर मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ लिहिली, 'व्हाईससमोर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचं कोपर आधी मोजणे', आणि तो कागद खिळ्यानं फळ्याच्या वर ठोकला. पुढे कित्येक वर्षं तो तिथं होता.

शनिवारी सकाळी सर मला घेऊन मैदान ओलांडून शिवणाच्या वर्गात गेले. माझा जॉब त्यांच्या हातात होता. दारातच थांबून त्यांनी अत्तार मॅडमना विचारलं, "आत येऊ का?"

मॅडमनी टाचण्या काढल्या. "या की. सहा वर्सांत पहिल्यांदाच आलात. नुसत्या पोरी धाडत होता."

सर आत आले आणि सहाही जणींपुढे उभे राहिले. "पोरींनो," ते म्हणाले, "चूक माझी हाय. तुमच्या मनगटात काय खोट न्हाई. हे बघा." त्यांनी जॉब सुमनच्या हातात दिला. "आज शेवटची तारीख हाय. फॉर्म मागं घेता येतोय. ज्यांना यायचंय त्यांनी या. न यायचं तर तेबी चांगलंच हाय, मॅडमसारखी मास्तर मला सुदिक लाभली असती तर बरं झालं असतं."

अत्तार मॅडम खळखळून हसल्या. "न्या, न्या. माझ्याकडं ज्या राहतील त्या हौसेनं राहतील."

दोघी राहिल्या. त्यांना शिवण मनापासून आवडलं होतं, आणि त्यातली एक आज तालुक्यातलं सगळ्यांत मोठं दुकान चालवते. चौघी उठल्या. सुमन सगळ्यांत शेवटी. तिनं जॉबच्या तिन्ही कडांवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाली, "एकशे दहा लागतंय मला. आमचे पाट पुरतील का?"

"पोतं दोनदा दुमड."

सोमवारी सकाळी मी आमच्या फाट्यावर आठच्या एसटीची वाट बघत होते. माझे पाट पोत्यात नव्हते, उघडेच बगलेत होते. आईनंच पोतं काढून घेतलं होतं, "चोरीचे हायेत का?" म्हणून. गाडी आली. दार उघडलं तर आत सुमन, तिच्या दोन्ही हातांत दोन पाट. तिच्या मागे आमच्या आणखी तिघी, प्रत्येकीजवळ दोन-दोन. कुणाचे साधे आंब्याचे, कुणाचे रंगवलेले, एकीचे तर आजीचे, कडा झिजून गोल झालेले. दहा पाट आणि आम्ही पाच जणी, गाडीत पाय ठेवायला जागा नाही.

कंडक्टर तिकिटं फाडत फाडत आमच्यापाशी आला आणि थबकला. पाट मोजले. आम्हाला मोजलं.

"काय गं पोरींनो, एवढे पाट? लगीन कुणाचं?"

पुढच्या बाकावरची एक म्हातारी मागे वळली. "एकदम पाच नवऱ्या? आन् नवरदेव कुठं हायेत?"

सगळी गाडी हसली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण माझ्या आधी सुमन बोलली. चार रात्री रडलेली, हसतील म्हणून परत यायला घाबरलेली सुमन. गाडीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"लगीनबिगीन कुणाचं न्हाई. आम्ही फिटर हाय."